पावसाळ्याआधी संपर्काची सोय करावी: सोसायटीला पत्र

दि. २ जून

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य,
सहकारी गृहनिर्माण सोसायटी, सिंहगड रस्ता, पुणे

विषय: वीज आणि इंटरनेट बंद असतानाही सभासदांपर्यंत निरोप पोहोचेल अशी सोय करण्याबाबत.

महोदय,

२५ जुलै २०२४ च्या पहाटे आपल्या सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत काय झालं, ते आपण जवळून पाहिलं आहे. खडकवासला धरणाचा विसर्ग रात्रीत वाढला आणि अनेकांना कळलं ते पार्किंगमध्ये पाणी शिरल्यावर. २५ सप्टेंबर २०१९ ला आंबिल ओढ्याचं पाणीही रात्रीच घरांत घुसलं होतं. रात्री फोन सायलेंटवर असतात, आणि आपल्या सोसायटीत मात्र प्रत्येक सूचना फक्त व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येते.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी केली आहे, म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगते. तांब्याच्या तारेवरच्या जुन्या फोनला वीज एक्स्चेंजमधून मिळायची, ४८ व्होल्टची. तिथे मोठ्या बॅटऱ्या आणि जनरेटर असत, म्हणून घरातले दिवे गेले तरी फोन चालायचा. आता आपल्याकडे फायबर आलं आहे. फायबरमधून उजेड जातो, वीज जात नाही. घरातल्या डबीला घरचीच वीज लागते, आणि ती गेली की नेट आणि लँडलाइन दोन्ही त्याच क्षणी बंद. मोबाइल टॉवर बॅटरीवर काही काळ तग धरतो, पण तेवढ्यात सगळं गाव एकदम फोन लावतं आणि लाइन लागत नाही. २६ जुलै २००५ ला मुंबईत हेच झालं होतं.

मागच्या वर्षी आपण तारेचा इंटरकॉम बंद करून अ‍ॅपवरचा घेतला. रोजच्या पाहुण्यांसाठी आणि कुरिअरसाठी तो उत्तम आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मीटर रूममध्ये पाणी आलं की पहिल्यांदा मेन स्विच पाडावा लागतो, आणि त्यानंतर वॉचमन सहाव्या मजल्यावरच्या एकट्या आजींना कसं कळवणार? जुन्या तारा अजून डक्टमध्ये आहेत, इंटरकॉमचं यंत्रही वॉचमनच्या केबिनमध्ये पडून आहे. त्याला बॅटरी जोडून तो जुना इंटरकॉम फक्त आणीबाणीसाठी सुरू करावा. तारा तपासून द्यायला मी स्वतः तयार आहे, खर्च बॅटरीचा आणि काही हँडसेटचा. यंत्र मात्र जमिनीपासून उंच भिंतीवर बसवावं, नाहीतर पहिल्याच पुरात तेच भिजेल.

सुरक्षारक्षकांना तीन-चार वॉकीटॉकी द्याव्यात. ४४६ मेगाहर्ट्‌झच्या ठरावीक पट्ट्यातले कमी शक्तीचे संच विनापरवाना वापरता येतात. घेताना संचावर वारंवारता छापलेली आहे का आणि ईटीए, म्हणजे उपकरणाची सरकारी मान्यता, आहे का, हे पाहावंच. ऑनलाइन काहीही विकलं जात होतं, म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला २०२५ मध्ये त्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या. पोलिसांच्या वायरलेसमध्ये आपला अडथळा होता कामा नये.

यंत्रांइतकीच मला काळजी आहे ती निरोपाच्या खरेपणाची. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटल्याची आठवण जपणाऱ्या शहरात ‘धरण फुटलं’ हे दोन शब्द कोणीतरी फॉरवर्ड केले तर जिन्यात चेंगराचेंगरी होईल. सूचना कोणी द्यायची ती दोन-तीन नावं आजच ठरवावीत, आणि पुराच्या दिवशी ग्रुपवर बाकी कोणी लिहू नये. तसंच कोण ऑक्सिजनवर आहे, कोणाला उचलून न्यावं लागेल, कोण एकटं राहतं, ही यादी कागदावर करून सचिवांकडे आणि केबिनमध्ये बंद पाकिटात ठेवावी. ती ग्रुपवर टाकू नये. अशी माहिती चोराच्याही उपयोगाची असते. प्रत्येक मजल्यावर दार ठोठावणारी एक व्यक्ती नेमली की यादीचा खरा उपयोग होईल.

सरकारी सूचनांचाही फायदा घेऊ या. २०२३ मध्ये सगळ्यांचे मोबाइल एकदम मोठ्याने वाजले होते, ती सेल ब्रॉडकास्टची चाचणी होती. हा संदेश टॉवरच्या टप्प्यातल्या सगळ्या फोनवर एकदम येतो. त्याला नंबर लागत नाही आणि लाइनची गर्दीही आड येत नाही. काहींनी घाबरून तो अलर्ट सेटिंगमधून बंद केला आहे, त्यांनी कृपया तो पुन्हा सुरू करावा. आपत्तीच्या सूचना देणारं सरकारी ‘सचेत’ अ‍ॅपही ज्येष्ठांच्या फोनवर मुलांनी टाकून द्यावं.

११२ किंवा १०१ ला फोन लागला तरी पत्ता नीट सांगता आला पाहिजे. एजन्सी बदलली की रक्षक नवे येतात, आणि आपलं मागचं गेट दुसऱ्याच गल्लीत उघडतं. केबिनमध्ये पूर्ण पत्ता, जवळची खूण, आणि अग्निशमनची गाडी कोणत्या गेटने आत येते, हे ठळक मराठीत आणि हिंदीत लिहून लावावं. लिफ्टमधला अलार्मही वीज गेल्यावर वाजतो का, ते एकदा मेन बंद करून बघावं. मला तरी तशी चाचणी झाल्याचं आठवत नाही.

येत्या रविवारच्या बैठकीत हा विषय घ्यावा, ही विनंती. इंटरकॉमच्या तारांचा नकाशा माझ्याकडे आहे, तो मी घेऊन येते.

आपली,
एक सभासद,
बी विंग