हुर्राक घेतली तरी एआरटीची गोळी चुकवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काजूचा हंगाम आला की गोव्यात हुर्राक, म्हणजे काजूच्या बोंडांची हलकी दारू, घरोघर पोचते. लिम्का ओतून, हिरवी मिरची चिरून ग्लास पुढे केला जातो आणि वर आग्रह, ‘ही काय दारू?’ एचआयव्हीचे उपचार (एआरटी) घेणाऱ्या आणि कष्टाने दारू सोडलेल्या माणसाचे पथ्य अशा एखाद्या ग्लासानेही मोडू शकते.

त्या ग्लासापेक्षा मोठे नुकसान करते ती एक समजूत: ‘आज घेतली आहे, तेव्हा गोळी नको, पोटात विष होईल.’ सध्या बहुतेकांना रोज एकदा घ्यायला मिळते त्या गोळीचे (टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन, डोल्युटेग्राविर) दारूबरोबर असे विष होत नाही. गोळ्या चुकल्या की मात्र विषाणू पुन्हा वाढतो आणि औषधाला दाद देईनासा होऊ शकतो. यातली पहिली दोन औषधे हिपॅटायटिस बीलाही आवरून धरतात. तो आजारही असलेल्याने गोळी अचानक थांबवली तर यकृताला जोराची सूज येऊ शकते. म्हणून प्यायलेल्या दिवशीही गोळी घ्यायचीच. संध्याकाळी चुकत असेल तर डॉक्टरांना सांगून सकाळची वेळ ठरवून घ्यावी. दुसऱ्या दिवशी पित्तासाठी अँटासिड घ्यायचे झाले तर गोळी त्याच्या दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावी.

‘एकदा पथ्य मोडलेच, आता कशाला सांभाळू’ हा विचार एका ग्लासाचे आठ दिवस करतो. तलफ बहुधा अर्ध्या तासात ओसरते. तेवढा वेळ जेवून घ्यावे, जागा सोडावी, ठरवलेल्या माणसाला फोन करावा. तो माणूस आणि फेस्ताला किंवा चवथीला नकार देण्याचे वाक्य आधीच ठरलेले हवे. ऐनवेळी सुचत नाही.

पण रोज भरपूर पिणाऱ्याने एका दिवसात स्वतःहून बंद करू नये. ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते, पुढे भ्रमही होतो. बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत किंवा जिल्हा इस्पितळात जाऊन सोडावी. घरच्यांनी जेवणातून चोरून डायसल्फिराम हे दारू सोडवण्याचे औषध देणे तर जिवावर बेतू शकते. तो माणूस नकळत प्यायला की रक्तदाब कोसळतो.

आमची मागणी एवढीच: एआरटी केंद्रात गोळ्या देताना दर वेळी तीन प्रश्न विचारावेत. दारू किती वेळा घेता, एका बैठकीत किती, आणि सहा किंवा जास्त पेग कितीदा होतात. विचारणारा रागावणार नाही हे कळले तरच खरे उत्तर मिळते. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांना जास्तीत जास्त चार भेटींत पुरुषांचे पिणे कमी करता येते, हे गोव्याच्याच प्राथमिक आरोग्य केंद्रांत दिसले आणि २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. तशी भेट एआरटी केंद्राच्या त्याच फेरीत, त्याच इमारतीत मिळावी. रोजंदारी बुडवून दुसऱ्या दिवशी पुन्हा येणे अनेकांना परवडत नाही.

— एचआयव्ही समुपदेशनात काम करणारे, म्हापसा