भोवरा कोणी दिला ते विचारू नका

ती. आई-बाबांना शि. सा. न.

आम्ही सगळे मजेत आहोत. थंडी आहे पण घरात हीटर असतो, सोन्याचा खोकला पण गेला, तेव्हा परत काढ्याचं सामान पाठवू नकोस आई. तुझं पार्सल मंगळवारीच मिळालं. त्याबद्दलच लिहायचंय, फोनवर सोन्या कायम मांडीवर असतो म्हणून बोलता येत नाही.

बाबा त्या दिवशी चिडून म्हणाले ना, सांताक्लॉजच्या नादी लावून पोराला खोटं शिकवताय. बाबा, हा सांता नाही, नेदरलँड्सचा सिंटरक्लास वेगळा आणि तो नाताळच्या आधीच येऊन जातो. मूळचा तुर्कस्तानातल्या मायराचा बिशप, संत निकोलस, पण इथली पोरं म्हणतात तो स्पेनहून बोटीने येतो. नोव्हेंबरच्या मध्याला बोट लागते, टीव्हीवर लाइव्ह, गावचे महापौर स्वागताला उभे. मग ५ डिसेंबरपर्यंत रोज संध्याकाळी त्याच्या बातम्या, अगदी खऱ्या बातम्यांसारख्या, २००१ पासून चालूय हे. शाळेत बाई सांगतात, दुकानदार सांगतो, शेजारच्या आजी सांगतात. एवढी मोठी माणसं एका सुरात सांगताना माझ्या सहा वर्षांच्या पोराने एकट्याने वर्गात जाऊन हे खोटंय म्हणायचं का? बाकीची पोरं रडली असती.

आणि बूट. आई, तुला किळस येईल पण ऐक, रात्री झोपताना मुलं आपला एक बूट हीटरपाशी ठेवतात (पूर्वी चुलीपाशी ठेवायचे, कारण भेटी धुराड्यातून येतात असं मानतात), त्यात सिंटच्या घोड्यासाठी गाजर ठेवतात, गाणं म्हणतात आणि झोपतात. सकाळी गाजर गायब आणि बुटात चॉकलेटचं अक्षर, ज्याच्या त्याच्या नावाचं पहिलं, नाहीतर दालचिनी-लवंगेच्या वासाची छोटी कडक बिस्किटं मूठभर. खायचं ते बुटात, हो. मी बूट आतून पुसून कागद घालते. आणि रात्री अकरा वाजता ओट्यापाशी उभी राहून ते गाजर कुरतडते, एक टोक ठेवते, घोड्याने खाल्ल्यासारखं दिसलं पाहिजे ना.

सिंटबरोबर येणाऱ्या, तोंडाला काळं फासलेल्या नोकरांचं तू विचारलंस. १८५० मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या एका मास्तरांनी मुलांसाठी पुस्तक लिहिलं त्यात तो काळा नोकर आला आणि पुढे तसंच चालू राहिलं. बरीच वर्षं लोकांनी निदर्शनं केली, आता बहुतेक ठिकाणी गालावर नुसते काजळीचे पट्टे असतात. पण मागच्या वर्षी एका मुलाने सोन्याला विचारलं, तू त्या काळ्या नोकरांपैकीच का? घरी येऊन तो साबणाने हात घासत बसला होता. तेव्हा सांगितलं नाही तुम्हाला.

आता खरं सांगते. काल ५ डिसेंबर, भेटींची रात्र होती, सिंट पोतं भरून भेटी ठेवून जातो म्हणतात. तू पाठवलेला सावंतवाडीचा भोवरा मी सिंटच्या पोत्यात टाकला. पोतं फारच रिकामं दिसत होतं गं. दिवाळीत आजोबांनी व्हिडिओवर भोवरा फिरवून दाखवला तेव्हापासून त्याला हवाच होता, त्यामुळे उघडल्यावर ओरडलाच, सिंटला कसं कळलं? रात्री मुठीत धरून झोपला. सिंटला थँक्यू म्हणून चित्र पण काढलंय. आपल्याकडे फ्रॉक आत्याने दिला, सायकल मामाने आणली, पाया पडून घ्यायचं, देणाऱ्याचा हात दिसायचा. तुझा हात मीच लपवला.

म्हणून रविवारी कॉलवर भोवरा आवडला का असं विचारू नकोस, प्लीज. इथे सात-आठ वर्षांची झाली की पोरांना कळतंच आणि मग ती पण लहानांपासून गुपित ठेवतात. त्या दिवशी सगळ्यात आधी तुझं नाव सांगेन, नक्की.

हॉलच्या अ‍ॅडव्हान्सचे ६० हजार बाबांच्या खात्यात टाकलेत, मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे जानेवारीत पाठवते, तोवर पुढे ढकलू नका, कोणाकडून तरी घ्या. दादाच्या लग्नाला मी एकटीच येईन, चारच दिवस, तिघांची तिकिटं या वर्षी जमत नाहीत. वहिनीच्या घरच्यांना तुम्हीच समजावून सांगा. हळदीला असेन मी.

तुमची,
ताई

ता. क. बाबा, दोरी कशी गुंडाळायची ते रविवारी त्याला परत दाखवा, तो उलटी गुंडाळतो.