दिवसाच्या गाडीनं या

ती. बाबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

रत्नागिरीला सुखरूप पोचले, हे फोनवर सांगितलंच. बाकीचं फोनवर होत नाही, कारण बाबा स्पीकर लावून फोन खाटेवर ठेवतात आणि स्वतः गोठ्याकडं निघून जातात. म्हणून लिहितेय. आई, हे तू स्वतः चष्मा लावून वाच. बाबा वाचून दाखवताना गाळतात.

या वेळी रात्रीची ट्रॅव्हल्स मुद्दाम सोडली. स्लीपरचा पडदा ओढला की सोलापूर काय न् कोल्हापूर काय, सगळं सारखंच. येळवस, म्हणजे वेळ अमावस्येचा शेतातला सण, आटोपून दुसऱ्या दिवशी औशाहून सकाळची एसटी धरली आणि टप्प्याटप्प्यानं गेले.

तुळजापूरचा घाट उतरून सोलापूरपर्यंतचा मुलूख तुम्हाला पाठ आहे. त्याच्या पुढं मंगळवेढ्याचं रान मात्र बाबांनी बघायलाच हवं. नजर जाईल तिथवर मालदांडी ज्वारी, मध्ये झाड नाही की घर नाही. कणसं नुकती निसवत होती. पाऊस आपल्याहून कमी, पण जमीन इतकी खोल की परतीच्या पावसाची ओल धरून ठेवते आणि त्यावरच पीक येतं. आपल्याकडं सोयाबीन आलं आणि ज्वारी घरच्या भाकरीपुरती उरली, असं तुम्ही म्हणता ना, तिथं ती अजून मालकिणीच्या तोऱ्यात उभी आहे.

सांगोल्याकडं बरड वर येतं, डाळिंबं दिसायला लागतात. नागजच्या आसपास माळावर बेदाण्याची शेडं. दुष्काळी म्हणून ज्या माळाला नावं ठेवायची, त्याच्याच कोरड्या हवेवर द्राक्षं वाळतात.

मिरजेच्या पुढं कृष्णेचा पूल लागला. 2016 मध्ये रेल्वेनं लातूरला पाणी आलं ते याच नदीचं, मिरजेहून. तेव्हा मावशीच्या गल्लीत घागरींची रांग कुठवर जायची ते आठवलं. इथं पार काठापर्यंत ऊस. बघून डोळे निवले आणि रागही आला, दोन्ही एकदमच.

जयसिंगपूरला एक बाई कडेवर लेकरू घेऊन चढली. ‘ही गाडी कव्हा पोचंल वो?’ असं तिनं कंडक्टरला विचारलं आणि आपल्याकडची बोली ऐकून मी मान वळवली. बीडकडची, ऊसतोडीला आलेली. लेकराला ताप होता, दवाखान्यात चालली होती. नवऱ्याला सोबत येता आलं नाही, कारण मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फिटायची आहे आणि एक दिवस कोयता बंद ठेवला तरी तो हिशेबात लागतो. मी औशाकडची म्हटल्यावर म्हणाली, ‘मग काल येळवस झाली आसंल.’ आई, तू बांधून दिलेली येळवसची भाज्या-दाण्यांची भज्जी आणि पिठाचे उंडे तिला दिले. तिनं आधी डब्याचा वास घेतला, मग उंडा कुस्करून लेकराला भरवला. मी कोल्हापुरात मिसळ खाल्ली, तेव्हा उपाशी राहिले का, असं विचारू नकोस.

रात्री मैत्रिणीकडं थांबले. दुसऱ्या दिवशी आंबा घाट. वर मलकापूरपर्यंत रान ओळखीचं वाटतं, आणि घाट उतरलं की साखरप्याच्या पुढं माती लाल, दगड लाल, घराच्या भिंतीसुद्धा लाल चिऱ्याच्या. गंमत म्हणजे मूळ खडक बहुतेक ठिकाणी तोच, आपल्या विहिरीत लागतो तो काळा पाषाण, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. आपल्याकडं सातशे-आठशे मिलिमीटर पावसात त्याची काळी झाली. इथं तीन हजाराच्या वर पडतो, त्यानं बाकीचं धुऊन नेलं, लोखंड मागं राहिलं, त्याचा जांभा झाला. आणि एवढं पडूनही मे महिन्यात इथल्या वाड्यांवर टँकर येतात, हे ऐकून बाबांना बरं वाटेल!

आता मुद्द्याचं. बाबांना पंचाहत्तरी उलटून गेली. 2022 पासून त्या वयाच्या पुढं राज्यात एसटीचा प्रवास फुकट आहे, आणि 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट. बाबांनी ही सवलत आजवर औशाचा बाजार आणि लातूरचा डॉक्टर एवढ्यासाठीच वापरली. लग्नकार्य, दवाखाना आणि तहसील सोडून माणसानं कधी तरी नुसतं बघायला जावं. मी पुस्तकातलं सांगते, पण ढेकूळ हातात चुरगाळून ‘हिच्यात तूर येणार नाही’ हे तुम्हीच सांगू शकता.

हरभरा काढून झाला की निघा. उन्हं तापायच्या आत. शिवशाहीच्या काचा उघडत नाहीत, म्हणून साधी लाल गाडीच बघा. मधला मुक्काम कोल्हापुरात करा, मैत्रिणीला सांगून ठेवलंय. आईच्या गुडघ्यासाठी दाराजवळची पुढची जागा धरा आणि खिडकी तिलाच द्या. बाबा, तुम्हाला तशीही कंडक्टरशी बोलायला आतली बाजूच बरी. आधार कार्डावरची जन्मतारीख पुसट झालीय, नवं काढून घ्या. भज्जी या वेळी दोन डबे.

तुमची लेक