मागची बाकी भरू नका

संपादक महोदय,

नवे वर्ष लागले किंवा ईस्टरआधीचा उपवासकाळ तोंडावर आला की आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमधून संकल्पांना ऊत येतो. वर्षात संपूर्ण बायबल, पहाटे तासभर प्रार्थना, आठवड्याला एक उपवास. यातले बरेचसे महिन्याभरात गळतात, आणि संकल्प मोडलेला माणूस आधी होता त्याहून लांब जाऊन बसतो. 'विश्वास कमी पडला' म्हणून आपण मोकळे होतो. पण दोष पुष्कळदा विश्वासाचा नसून आखणीचा असतो.

हिशेब मांडून पाहा. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये ६६ पुस्तके, ११८९ अध्याय. रोज ३ वाचले तरी वर्ष अपुरेच पडते. उत्पत्तीचे ५० अध्याय गोष्टींच्या ओघात सरतात. पंचविसाव्या दिवशी निर्गमाचा पंचविसावा अध्याय येतो आणि कराराच्या कोशाची, म्हणजे त्या पवित्र पेटीची, मापे सुरू होतात: अडीच हात लांब, दीड हात रुंद, दीड हात उंच. पुढे छत्तिसाव्या अध्यायापासून तीच मापे पुन्हा. एकतिसाव्या दिवशी लेवीय, म्हणजे होमबलीचे नियम. इथे दोन दिवस चुकले की ६ अध्यायांची बाकी, आठवडा चुकला की २१. एखाद्या शनिवारी बाकी भरायला बसायचे, डोळे ओळींवरून फिरतात, डोक्यात काही शिरत नाही, आणि पुस्तक मिटते ते मिटतेच.

म्हणून पहिला नियम: मागची बाकी भरू नये. वाचनाच्या तक्त्यावरच्या तारखा खोडून टाकाव्यात, फक्त अध्यायांचे आकडे ठेवावेत. कितीही दिवस गेले तरी जिथे खूण आहे तिथला पुढचा अध्याय हाच आजचा. ज्याची सवय पार मोडली आहे त्याने मार्काच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करावी. १६ अध्याय आहेत, एकेक मोठ्याने वाचायला पाच-सहा मिनिटे लागतात. नव्या कराराचे एकूण अध्याय २६०. आठवड्यातून पाच दिवस एकेक वाचला तर ५२ आठवड्यांत बरोबर संपतो आणि दर आठवड्याला दोन दिवस मोकळे उरतात. ही मोकळीक चैन नव्हे. चुकलेला दिवस पोटात घ्यायला ती लागतेच.

इब्री लोकांस पत्रातला इशारा (२:१) 'वाहवत जाण्या'चा आहे. वाहवत जाणारा काही ठरवून निघालेला नसतो. दोर सैल झालेला असतो, एवढेच. आणि दोर सुटतो तो बहुधा ठरलेल्या क्रमाने. आधी एकांतातली प्रार्थना जाते, कारण ती कोणाला दिसत नाही. मग वाचन. रविवारची उपासना सगळ्यात शेवटी. पाळकांच्या लक्षात येते तेव्हा आधीच्या दोन गोष्टी थांबून कित्येक महिने लोटलेले असतात. तेव्हा 'उपासनेला का येत नाही?' या प्रश्नाला फारसा अर्थ उरत नाही.

प्रार्थनेचेही तेच. 'वेळ मिळेल तेव्हा' म्हणून ठेवलेली प्रार्थना होत नाही. बायबलमधला दानिएल दिवसातून तीनदा गुडघे टेकत असे. 'दिदाखे' या आरंभीच्या ख्रिस्ती पुस्तिकेतही प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा करायला सांगितले आहे. एवढीशी प्रार्थना, पण तीन वेळा, आणि रोजच्या एखाद्या कामाला बांधलेली: उठल्यावर, दुपारच्या जेवणाआधी, दिवा मालवताना. मन लागत नसेल तर स्वतःचे शब्द शोधत बसू नये. स्तोत्र १३ उघडून जसेच्या तसे म्हणावे. सहाच ओव्या आहेत, आणि सुरुवातच 'कोठवर?' अशी आहे.

कोरडेपणाचा काळ मात्र निराळा ओळखावा लागतो. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस या संन्याशाने त्याला 'अकेडिया' म्हटले. या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थच 'काळजी नसणे'. त्याने दिलेली लक्षणे वाचावीत: सकाळी दहापासून दुपारी दोनपर्यंत सूर्य जागचा हलत नाही असे वाटते, डोळे सारखे खिडकीकडे जातात, ही जागा नको होते, इथे कोणाला आपल्याविषयी प्रेम उरले नाही असे वाटू लागते. मंडळी बदलावीशी वाटण्यामागे कधी कधी हेच असते. उपाय एकच, खोली सोडू नये. येशूसंघाचे संस्थापक लोयोलाचे इग्नेशियस सांगतात की अशा काळात आधीचे निर्णय फिरवू नयेत, आणि प्रार्थनेची ठरलेली वेळ नकोशी झाली तर ती कापण्याऐवजी थोडी वाढवावी. त्यांच्या शिष्यांची वेळ तासाची होती. दहा मिनिटे बसणाऱ्याने अकरावे मिनिट बसावे, बस्स.

आणखी एक गोष्ट व्यासपीठावरून क्वचितच ऐकू येते. खचलेला संदेष्टा एलीया झुडपाखाली मरण मागत होता (१ राजे १९), तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिले, झोपू दिले, पुन्हा उठवून खाऊ घातले. झोप, भूक, कामातला रस असे सगळेच दोन आठवड्यांहून अधिक हरवले असेल, तर त्याला आध्यात्मिक हेळसांड म्हणू नये. डॉक्टरांकडे जावे, प्रार्थनाही चालू ठेवावी.

परतणाऱ्याला काय सांगायचे? इफिसच्या मंडळीला सांगितलेला क्रम (प्रकटीकरण २:५) पुरेसा आहे: कोठून पडलास ते आठव, पश्चात्ताप कर, पहिली कृत्ये कर. आधी पहिल्यासारखे वाटू दे, मग कर, असे तिथे म्हटलेले नाही. आणि मंडळीतल्या बाकीच्यांनी तो पहिल्या रविवारी आला की 'इतके दिवस कुठे होतास?' विचारू नये. शेजारची जागा द्यावी, गीताचा क्रमांक सांगावा, आणि बुधवारी फोन करावा.

आपला,
एक वाचक