ओटो देणार नाही म्हणालात, त्याबद्दल आभार

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

कुणी काही दिलं की आभार मानायचे, ही रीत आहे. मला मात्र तुमचे आभार आधी मानायचे आहेत ते न दिल्याबद्दल. माझ्या 60 लिटरच्या माशांच्या टाकीसाठी तुमच्याकडे ओटो, म्हणजे शेवाळ खाणारे चिमुकले ओटोसिंक्लस मासे, मागितले होते आणि तुम्ही सरळ म्हणालात, “इतक्यात नाही. टाकी अजून कच्ची आहे.” तेव्हा मनातून थोडा खट्टू झालो होतो, हे आता लिहायला हरकत नाही. पण आज त्या टाकीत जे काही धडधाकट आहे त्याचं मूळ तुमच्या त्या नकारात आहे. तुम्ही समजावलेल्या गोष्टी नव्याने मासे पाळणाऱ्यांनाही कळाव्यात, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहे.

टाकी नवी होती. काचेवर, अनुबियास या पाणवनस्पतीच्या पानांवर, लाकडावर तपकिरी थर धरू लागला होता. बोट फिरवलं की लगेच पुसला जाणारा, धुळीसारखा. मी ज्याला विचारलं त्याने एकच उपाय सांगितला: शेवाळ खाणारे मासे आण, आठवड्यात काच लख्ख होईल. तुम्ही एकट्यानेच उलटा हिशोब मांडलात. तो थर डायटमचा, म्हणजे एका सूक्ष्म तपकिरी शेवाळाचा, आणि डायटम नव्या टाकीतच सर्वांत जास्त माजतात. म्हणजे ज्या खुणेवरून माणूस ओटो आणायला धावतो, तीच खूण सांगत असते की टाकी अजून बसलेली नाही. फिल्टरमध्ये जिवाणूंची वस्ती पुरी झालेली नसते. माशांच्या घाणीतून आणि उरल्यासुरल्या खाद्यातून अमोनिया होतो, जिवाणू अमोनियाचा नायट्राइट करतात, नायट्राइटचा नायट्रेट; त्यातले पहिले दोन माशांना विषारी. ही साखळी नीट चालू व्हायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात. गप्पीसारखा चिवट मासा त्या काळात कसाबसा तग धरेलही. ओटो धरत नाही. आणि समजा धरला, तरी चार-सहा माशांनी तो तपकिरी थर काही दिवसांत फस्त केल्यावर ते खाणार काय? हा प्रश्न मला कुणी विचारलाच नव्हता. काच स्वच्छ झाली की काम झालं, असंच सगळे धरून चालले होते. काच स्वच्छ झाली त्या दिवशी माशाची उपासमार सुरू झाली, हे तुमचं वाक्य होतं.

दुकानात ओटोंच्याच हौदात ‘शेवाळ खाणारे’ म्हणून आणखी दोन मासे होते. तुम्ही दोन्ही बाद केलेत आणि फार वेळ घालवला नाहीत, म्हणून मीही थोडक्यात सांगतो. साधा प्लेको दुकानात बोटाएवढा दिसतो, पण वाढून फूटभराच्या पुढे जातो. 60 लिटरच्या टाकीत त्याला वळायलाही जागा पुरायची नाही. दुसरा, चायनीज अल्गी ईटर, लहानपणी शेवाळ खातो, मोठेपणी मात्र चिडका होतो आणि रुंद, संथ माशांच्या अंगाला चिकटून त्यांचा बुळबुळीत थर चोखतो. ब्रिसलनोज, प्लेकोचाच लहान भाऊबंद, त्या मानाने बराच बरा. तो पाळलेल्या जोड्यांपासून सहज निपजतो, पण तोही 12 सेंटिमीटरच्या आसपास जातो आणि मला हवे होते लहान मासे, तेही कळपाने राहणारे. राहिला ओटोसिंक्लस. पूर्ण वाढ 4-5 सेंटिमीटर, स्वभाव इतका गरीब की लाल कोळंबीच्या पिल्लांनाही त्याची भीती नाही.

पण गरीब मासा म्हणजे सोपा मासा नव्हे, हे मला तुमच्यामुळे कळलं. माझ्या टाकीतले टेट्रा आणि गप्पी मत्स्यशेतीत वाढलेले. ओटो बहुतेक सगळे अजूनही दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधून पकडून आणलेले असतात. नदीकाठच्या झाडोऱ्यात, पाण्यात लोंबणाऱ्या पानामुळांवर दिवसभर चरणारा हा मासा. त्याचं खाणं थोडं थोडं, पण अखंड. पकडल्यावर तो साठवणीच्या हौदात जातो, तिथून पिशवीत, पिशवीतून विमानात, मग घाऊक व्यापाऱ्याकडे, मग दुकानात. या वाटेवर कुठेच त्याला चरायला हिरवा दगड मिळत नाही. दुकानातून घरी आणलेला ओटो आठवड्याभरात मेला की लोक पाण्याला दोष देतात, औषध शोधतात. तुमचं म्हणणं असं की तो मासा बहुधा दुकानात येण्याआधीच उपासमारीने खंगलेला असतो, फक्त मरतो आपल्या घरी. आता इतक्या टाक्या पाहिल्यावर मला हे पटतं.

म्हणून तुम्ही पोट बघायला शिकवलंत. माझ्या मते या साऱ्या छंदातलं हे सर्वांत उपयोगी शिक्षण. ओटो काचेला चिकटला की त्याचं पोट आपल्याकडे असतं. निसर्गानेच तपासणीची सोय करून ठेवली आहे. पोट गोल, फुगीर, फिकट दिसलं तर ठीक. सपाट असेल तर थांबायचं. आत ओढलं गेलं असेल तर दया येऊन घ्यायचा मोह टाळायचा. रंग, कल्ले, पोहण्याची ढब हे नंतर. शिवाय दुकानात माल आला त्याच दिवशी घ्यायचे नाहीत. आठ-पंधरा दिवस तिथेच राहू द्यायचे, जे टिकले आणि खाऊ लागले त्यांतून निवडायचे. दुकानदाराला हे ऐकून आनंद होत नाही. तुम्ही माझ्यासोबत येऊन काचेसमोर उकिडव्या बसलात आणि एकेका ओटोचं पोट बघत “हा नको, हा नको, हा घ्या” करत राहिलात, तेव्हा तर अजिबातच झाला नव्हता.

आणि मग तुम्ही ते दिलंत जे मी मागितलंही नव्हतं: तुमच्या जुन्या टाकीत कित्येक महिने चाललेला, मळकट, कुरूप स्पंज फिल्टर. “धुऊ नका,” एवढीच सूचना. नवे मासे आधी वेगळे ठेवायच्या माझ्या छोट्या क्वारंटाइन टाकीत तो एअर पंपाला जोडला आणि जिवाणूंची तयार वस्तीच तिथे राहायला आली. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. टेस्ट किटवर विश्वास बसेना म्हणून पुन्हा तपासलं. सोबत बादलीभर दगड. उन्हात पाण्यात ठेवून तुम्ही त्यांच्यावर मऊ हिरवं शेवाळ मुद्दाम वाढवलं होतं. सगळं जग टाकीतलं शेवाळ काढायच्या खटपटीत असताना एक बाई बादलीत शेवाळाची शेती करते, याचं मला तेव्हा हसू आलं होतं. आता माझ्याही खिडकीत तशीच बादली आहे. दोन फेऱ्या ठेवायच्या: एक दगड टाकीत चाटूनपुसून होतो, तोवर दुसरा बादलीत हिरवा होतो.

मासे आणले त्या दिवशीची तुमची शिस्त मी अजून पाळतो. टाकीचा दिवा बंद. पिशवीतलं पाणी माशांसकट डब्यात, हवेच्या बारीक नळीला गाठ मारून टाकीचं पाणी थेंब थेंब त्यात सोडायचं, तास-दीड तास. मग मासे जाळीने उचलायचे, पिशवीचं पाणी टाकीत जाऊ द्यायचं नाही. तापमान 24 अंशांच्या आसपास. औषध उगाच घालायचं नाही, तांब्याचं तर नाहीच. आणि पहिले काही दिवस त्यांच्याकडे बघत बसायचं नाही. हे शेवटचं मला सर्वांत अवघड गेलं.

खाण्याचं प्रकरण वेगळंच. शेवाळाच्या गोळ्या टाकल्या तर ओटो त्यावरून चालत जायचे, जणू खडा आहे. त्यांना ते खाणं आहे हेच ठाऊक नसतं, असं तुम्ही म्हणालात आणि कोंबडीच्या पिलाला दाणा टिपायला शिकवावं तसे शिकवलेत. झुकिनीची चकती उकळत्या पाण्यात मिनिटभर धरून, थंड करून, काट्याला टोचून रात्रभर त्याच जागी ठेवायची. जागा बदलायची नाही. सकाळी उरलेली काढून टाकायची, नाहीतर पाणी बिघडतं. सुरुवातीला कुणी फिरकलंच नाही. मग एक चिकटला; आणि एक चिकटला की बाकीच्यांना काय आहे ते बघायचंच असतं. पुढे काकडी, पालक, आणि जेलसारखं खाद्य दगडावर थापून वाळवलेलं, हे सगळं त्यांनी मानलं. गोळ्यांना मात्र त्यांच्यातले काही अजून तोंड लावत नाहीत. नको तर नको.

एक गेला, ताई. पोट भरलेलं होतं, पाणी ठीक होतं, तरी गेला. तुम्हाला कळवताना मी कारणांची यादीच पाठवली होती. तुम्ही ती वाचून एवढंच विचारलंत, “बाकीचे खातायत ना?” त्या प्रश्नाने मी यादी सोडून टाकीकडे वळलो. रानातून आणलेल्या जिवाचं सगळंच आपल्या हाती नसतं, हे तुम्ही उपदेशाच्या सुरात सांगितलं असतंत तर मला राग आला असता.

पुढे एकदा रात्री घाबरून तुम्हाला फोन केला होता, आठवत असेल. एक ओटो तळातून बाणासारखा वर गेला, पृष्ठभागावर तोंड आपटून परत खाली. ऑक्सिजन संपला असं वाटून मी एअर पंप पुरा सोडला. तुम्ही सांगितलंत की या माशाच्या अन्ननलिकेला पिशवीसारखा एक फाटा असतो, हवा गिळून त्यातूनही तो प्राणवायू घेऊ शकतो. अधूनमधून एखादाच गेला तर काळजी नको. सगळेच वारंवार जाऊ लागले तर पाणी तपासा. इतकं नेमकं उत्तर, तेही अशा अवेळी, पैसे घेणारा माणूससुद्धा देत नाही.

आता ते मोठ्या टाकीत टेट्रांच्या खाली आणि कोरीडोरांच्या, म्हणजे तळाशी राहणाऱ्या छोट्या मिशाळ माशांच्या, संगतीत राहतात. गंमत म्हणजे विसाव्याला ते अनेकदा कोरीडोरांतच जाऊन बसतात. त्यांच्या रानातल्या भाईबंदांचं तर याच्याही पुढे आहे: 2003 मध्ये पॅराग्वेतून कोरीडोराची एक आणि ओटोची एक अशा दोन नव्या जातींची एकत्रच नोंद झाली, कारण दोघी एकत्र फिरतात आणि इतक्या सारख्या दिसतात की एक दुसरीची नक्कल समजली जाते. त्या ओटोचं नावच मिम्युलस, म्हणजे नकल्या. हे तुम्हाला ठाऊक नव्हतं आणि तुम्ही खूश झालात, याचा मला जरा अभिमान आहे.

लोक विचारतात, काच स्वच्छ राहते का? राहते, थोडी. पानांवरचा तपकिरी आणि मऊ हिरवा थर ओटो इतक्या हळुवारपणे काढतात की पान फाटत नाही. काचेवरचे घट्ट हिरवे ठिपके ते सोडून देतात, काळ्या केसाळ शेवाळाकडे बघतही नाहीत. त्यासाठी दिवा रोज 7 तासांवर आणला, खाद्य कमी केलं, दर आठवड्याला पाव भाग पाणी बदललं. ते काम माशांचं नव्हतंच. एका बाबतीत मात्र मी तुमचं ऐकलेलं नाही. समोरची सोडून तिन्ही काचा त्यांच्यासाठी न पुसता ठेवा, असं तुमचं सांगणं. मी मागची आणि डावी ठेवतो. उजवीकडून माझी खुर्ची आहे आणि मला पोटं बघायची असतात.

बाकी एक नवी बातमी. अनुबियासच्या पानाखाली आणि मागच्या काचेवर बारीक, पारदर्शक अंडी सुटी सुटी चिकटलेली दिसतायत. कोरीडोरांची याआधी पाहिली आहेत. ती मोठी असतात आणि बहुधा घोसाने असतात, त्यामुळे ही ओटोंचीच असावीत असा अंदाज आहे. दोन-तीन दिवसांत फुटतील, आणि टेट्रा काही पिल्लं ठेवणार नाहीत. पान कापून क्वारंटाइन टाकीत न्यावं, असं माझ्या मनात आहे. काचेवरच्यांचं काय करावं ते सांगा. तुमचा स्पंज परत द्यायचा राहिला आहे, तोही या पिल्लांसाठी आणखी महिनाभर ठेवू का? त्यावरचा थर त्यांना पहिला घास म्हणून चालेल असं वाटतं. आणि यंदा “इतक्यात नाही” म्हणालात तरी चालेल, फक्त लवकर कळवा.

तुमचा आभारी,
60 लिटरवाला