शाल नको, टाइम सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या सोमवारच्या अंकात तुम्ही मुळशीकडच्या माउंटन बाइक रेसचा फोटो छापलात, त्यात लाल मातीने माखलेला, हेल्मेट जरा तिरकं झालेला जो म्हातारा आहे ना, तो मी. खाली लिहिलंय "वयावर मात करणारा तरुण". फोटोबद्दल आभारी आहे, बायकोने तो कापून फ्रिजवर लावलाय, साताऱ्याच्या मेव्हण्याचा फोन पण येऊन गेला, पण ते वाक्य वाचून काही राहवलं नाही म्हणून लिहितोय. वयावर मी मात-बित काही केलेली नाही हो. उलट त्या दिवशी वयानेच मला व्यवस्थित धुतलंय.

झालं असं की आमचा गट होता "व्हेटरन ४० प्लस". म्हणजे चाळीस पूर्ण झाली की पुढे सगळे एकाच पोत्यात, एकेचाळीसचा आयटीवाला पण तिथे, एकसष्टचा मी पण तिथे. बारा किलोमीटरचे दोन लॅप. पहिला आला तो बेचाळीस वर्षांचा, सुंदर चालवतो पोरगा, त्याच्याबद्दल तक्रार नाही. मी बावीस जणांत सतरावा. आणि बक्षीस समारंभात काय, तर मला स्टेजवर बोलावलं, शाल, श्रीफळ आणि एक तुळशीचं रोप. निवेदक माइकवरून म्हणतो, काकांसाठी जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या. टाळ्या झाल्या. टाइम मात्र कोणी सांगितला नाही. टायमिंगच्या टेबलावर जाऊन विचारलं तर तिथला मुलगा म्हणाला, "काका, तुम्हाला फिनिशरचं सर्टिफिकेट मिळालंय ना, मग टाइम कशाला पाहिजे?"

आता कशाला पाहिजे ते सांगतो. आमच्यात साठीच्या वरचे तिघे होतो. मी, तळेगावचे एक रिटायर्ड मास्तर आणि भोरकडचे एक शेतकरी दादा. खरी रेस आमच्या तिघांत चालली होती आणि ती कोणी बघितलीच नाही. दादांचा पहिल्याच लॅपला बाभळीच्या काट्याने घात केला, ट्यूब होती, ट्यूबलेस नव्हतं, ते बसले पंक्चर काढत. मग राहिलो मी आणि सर. चढावर सर मला सोडून गेले, वजनाने हलके आहेत, हळूहळू पण न थांबता पेडल मारतात, पुढे कातळाचा टप्पा आला तिथे ते उतरून सायकल हातात धरून चालायला लागले आणि मी तो बसून काढला, म्हणजे कसाबसा काढला, दोनदा पाय टेकला, पण त्यांच्या पुढे निघालो. मग घसाऱ्याचा उतार. तरण्या पोरांनी तिथे ब्रेक सोडून दिलेले असतात, मी मात्र दोन्ही बोटं लिव्हरवर, कारण हासडी, म्हणजे गळ्याजवळचं हाड, मोडली तर पोरांची दीड महिन्यात जुळते आणि माझी कधी जुळेल ते डॉक्टरच जाणे. शेवटच्या चारशे मीटरला शेताचा बांध आहे, तिथे मागून सरांच्या फ्रीव्हीलची टिकटिक ऐकू आली आणि मी जीव खाऊन पेडल मारलं तरी ते गेलेच. अडतीस सेकंदांनी हरलो. पुढे तासभर आम्ही दोघं गवतावर पडून होतो, एकमेकांशी बोलायचं त्राण नव्हतं. आणि स्टेजवर दोघांना सेम शाल, सेम तुळस! सर जिंकले होते की हो. त्यांना कोणी सांगितलं पण नाही.

मी एसटीच्या वर्कशॉपात एकतीस वर्षं फिटर होतो. पोरगं बंगळुरूला गेलं, त्याची गिअरची सायकल पार्किंगमध्ये धूळ खात पडलेली, चेन पार गंजलेली, म्हटलं बघू जरा उघडून. रिटायर माणसाने सायकल उघडली की ती चालवणं आलंच. आधी पाषाणची टेकडी, मग वेताळ टेकडी, मग कोणीतरी रेसचं नाव काढलं. आमच्या लहानपणी ॲटलासच्या कॅरिअरवर दळणाचा डबा ठेवून जायचो तेव्हा असल्या गोष्टीची रेस असते हे माहीतच नव्हतं, आणि असणार तरी कसं, हा खेळच मुळात १९७० च्या दशकातला. कॅलिफोर्नियात मरिन काउंटीच्या डोंगरावर काही पोरं १९३० च्या काळातल्या जुन्या जाडजूड सायकली उतारावरून सोडायची, १९७६ मध्ये त्यांनी रेस सुरू केली, तिचं नाव रिपॅक, कारण खाली येईपर्यंत मागच्या हबच्या ब्रेकमधलं ग्रीस जळून जायचं आणि दर वेळी नव्याने भरावं लागायचं. मी आयुष्यभर ग्रीस भरलंय त्यामुळे मला हे फार आवडतं. पुढे १९९६ ला अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये पण गेला हा खेळ.

वय झाल्यावर यात काय काय बदलतं ते तरुण आयोजकांना माहीत नसतं, त्यांचा दोष नाही. दम म्हणजे शरीराची ऑक्सिजन वापरायची ताकद, ती तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण दहा टक्क्यांनी उतरते असं म्हणतात, नेमाने मेहनत करणाऱ्याची त्याहून कमी, पण उतरतेच. म्हणजे बेचाळीस आणि एकसष्टमध्ये किती फरक पडतो बघा. पोरांना रेसनंतर दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाता येतं, मला तिसऱ्या दिवशी जिना उतरता येतो. चष्म्याचं तर विचारूच नका. बायफोकल घालून उतारावर गेलो तर चाकापुढचा दगड नेमका खालच्या काचेत येतो आणि धूसर दिसतो, दोनदा आपटल्यावर अक्कल आली, आता रेससाठी फक्त लांबचा नंबर असलेला वेगळा चष्मा केलाय. सीझनच्या आधी टीएमटी, म्हणजे ट्रेडमिलवर पळवून हृदय तपासतात ती टेस्ट, करून घेतो, पल्स १६५ ला गेली तरी घाबरत नाही, ते २२० वजा वय म्हणजे जास्तीत जास्त पल्स वगैरे नुसतं सरासरीचं गणित आहे असं डॉक्टरांनीच सांगितलंय. आमच्यातल्या एकाला रक्त पातळ करायची गोळी सुरू झाली, तो आता रेसला येतो पण मार्शल म्हणून, झेंडा घेऊन वळणावर उभा राहतो आणि आम्हाला शिव्या घालतो.

मागणी काही मोठी नाहीये. सायकलिंगची जागतिक संघटना यूसीआय मास्टर्सच्या स्पर्धेत पस्तीसपासून पुढे पाच-पाच वर्षांचे गट करते. आपल्याकडे मास्टर्स ॲथलेटिक्सला पण तसंच असतं, साठीचा माणूस साठीच्या माणसाशी पळतो. इथे आयोजकांना विचारलं की उत्तर ठरलेलं, "काका, एन्ट्रीच येत नाहीत." अहो, गटच नाही तर एन्ट्री कुठून येणार, बेचाळीसच्या पोराच्या मागे धूळ खायला बाराशे रुपये कोण भरेल, माझ्यासारखे दोन-चार येडे सोडून. आणि बायकांचं तर अजून वाईट, त्यांना एकच "लेडीज ओपन", वीस वर्षांची पण त्यात आणि पन्नाशीची पण त्यात. रॉबेर मार्शां म्हणून फ्रेंच आजोबा होते, जानेवारी २०१७ मध्ये वयाच्या १०५ व्या वर्षी त्यांनी ट्रॅकवर एका तासात २२.५४७ किलोमीटर सायकल चालवली, तर त्या एका माणसासाठी १०५ च्या वरचा गट केला होता. एका माणसासाठी! आणि शाल देऊन घरी नाही पाठवलं, अंतर मोजलं, तेही मीटरपर्यंत.

कोणी म्हणेल की नेड ओव्हरेंडला कुठे लागला वेगळा गट. खरंय. माउंटन बाइकचा पहिला वर्ल्ड चॅम्पियन तो, १९९० चा, २०१५ मध्ये वयाच्या ५९ व्या वर्षी अमेरिकेची फॅट बाइकची, म्हणजे जाडजूड टायरच्या सायकलची, नॅशनल तरुणांना हरवून जिंकला. पण तो नेड ओव्हरेंड आहे आणि मी दापोडीचा फिटर आहे, एवढा फरक धरायला हरकत नसावी.

वेगळा ट्रॅक नको, वेगळा स्टार्ट नको, ट्रॉफी पण नको. टाइम मोजायची चिप पायाला बांधलेलीच असते, फॉर्मवर जन्मतारीख लिहिलेलीच असते, निकालाच्या शीटला एक कॉलम वाढवायचाय. आणि कटऑफला, म्हणजे रेस संपवायच्या ठरलेल्या वेळेला, उशीर झाला तरी कोण किती मिनिटांनी आला ते लिहा, भोरच्या दादांनी पंक्चर काढून रेस पूर्ण केली, त्यांच्या नावापुढे नुसतं डॅश आहे.

तुम्हीही फोटोखाली तेवढी दुरुस्ती छापावी ही विनंती. ६० प्लस, पहिले तळेगावचे सर, दुसरा मी, फरक ३८ सेकंद.

आपला,
एक वाचक, पिंपरी-चिंचवड

ता.क. माझं वय तुम्ही ६३ छापलंय. मी ६१ चा आहे. सर ६४ चे आहेत, पण ते त्यांना विचारल्याशिवाय छापू नका.