हाताने फिरवायचा वायपर

चि. मीरा हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू चिडून म्हणालीस, "आई, आमच्याकडे स्वस्त गाडी म्हणजे महागड्या गाडीतून काय काय काढायचं याची यादी!" आणि तुम्ही खपून केलेलं ते छोट्या गाडीचं मॉडेल बंद होणार, हेही त्याच दमात सांगून टाकलंस. फोनवर मला नीट बोलता येत नाही, म्हणून लिहिते. इतकी वर्षं मशीन ड्रॉइंग शिकवलं, त्यामुळे बंद पडलेल्या गाड्यांची ड्रॉइंगं पाहत बसायची खोड आहे, तुला माहीतच आहे.

सित्रोएन या फ्रेंच कंपनीची टूसीव्ही गाडी घे. दुसऱ्या महायुद्धाआधी कंपनीचे प्रमुख बुलांजे यांनी इंजिनिअरांना सांगितलं ते असं: दोन शेतकरी आणि ५० किलो बटाटे ताशी ६० किलोमीटरने जायला हवेत, १०० किलोमीटरला ३ लिटर पेट्रोल, आणि नांगरलेल्या शेतातून अंड्यांची टोपली नेली तर एकही अंडं फुटता कामा नये. १९४८ साली गाडी लोकांसमोर आली. इंजिन ३७५ सीसीचं, जेमतेम ९ अश्वशक्तीचं. सुरुवातीच्या गाड्यांत वायपरला मोटरच नव्हती. तो स्पीडोमीटरच्या केबलवर चालायचा. गाडी रेंगाळली की वायपर रेंगाळणार, गाडी थांबली की तोही थांबणार, मग आत बसून हाताने फिरवायचा. पेट्रोल किती उरलंय ते टाकीत पट्टी बुडवून बघायचं. तुझ्या यादीपेक्षा कडक काटकसर! पण खाली वाकून बघ. पुढचं आणि मागचं चाक आडव्या स्प्रिंगांनी एकमेकांशी जोडलेलं, पुढचं चाक खड्ड्यात गेलं की मागचं सावरून घेणार. तिथे मात्र हात आखडला नाही, कारण अंडी तिथे फुटणार होती. म्हणून ती ४२ वर्षं चालली. शेवटची गाडी १९९० साली पोर्तुगालमध्ये तयार झाली.

ट्राबांट या पूर्व जर्मनीतल्या गाडीचं याच्या उलट. तिथे पत्र्याची टंचाई, म्हणून झ्विकाऊच्या कारखान्यात सुताच्या टाकाऊ तंतूंत राळ दाबून बॉडीचे भाग केले. पेट्रोलची टाकी बॉनेटखाली, इंजिनापेक्षा उंचावर. पेट्रोल आपोआप खाली उतरणार, मग पंप कशाला? डोकं चाललंय हे कबूलच करायला हवं. पण गाडीसाठी दहा दहा वर्षं थांबायला लागायचं, त्यामुळे ती सुधारायची कुणाला निकडच नव्हती. जुनी गाडी लगेच हातात मिळते म्हणून नव्यापेक्षा जास्त भावाने विकली जायची! १९८९ साली बर्लिनची भिंत पडली, लोकांना निवड मिळाली, आणि गिऱ्हाईक नाहीसं झालं. शेवटी शेवटी फोक्सवॅगनचं चांगलं इंजिन बसवून पाहिलं, पण फार उशीर झाला होता. १९९१ साली उत्पादन थांबलं, तोवर ३० लाखांवर गाड्या निघाल्या होत्या.

मिनी या छोट्या ब्रिटिश गाडीची हकिगत तुझ्या हिशेबखात्याला सांग. सुएझ कालव्याच्या पेचप्रसंगात पेट्रोल दुर्मिळ झालं, तेव्हा तिचा रचनाकार इसिगोनिस याने इंजिन आडवं बसवलं, गिअरबॉक्स त्याच्याच तेलाच्या भांड्यात घातला आणि अवघ्या दहा फुटांत चार माणसं बसवली. त्या रचनेच्या छेदाचं चित्र मी फळ्यावर कितीदा काढला असेन! पण डिस्ट्रिब्युटर, म्हणजे इंजिनातल्या ठिणगीसाठी वीज वाटणारा भाग, पुढच्या जाळीमागेच आला आणि पावसात भिजून गाडी बंद पडू लागली. फोर्डच्या लोकांनी म्हणे एक मिनी सुटी करून हिशेब मांडला, तर ती तोट्यातच विकली जात असावी असं निघालं. तरी २००० सालापर्यंत ती चालली.

फोर्डच्या मॉडेल टीबद्दल फार लिहीत नाही. १९०८ ते १९२७, दीड कोटी गाड्या. किंमत उतरत गेली, गाडी मात्र फारशी बदलली नाही. इतरांनी दरवर्षी नवं रूप आणि हप्त्यांची सोय दिली, तशी लोकांची नजर तिकडे गेली. नॅनोचं दुखणं मला वेगळं वाटतं. मागे बसवलेलं दोन सिलिंडरचं ६२४ सीसीचं इंजिन, चाकाला तीनच बोल्ट, एकच वायपर. बांधणी हुशारीचीच होती. पण 'जगातली सर्वांत स्वस्त' ही पाटी कपाळावर घेऊन ती आली. गाडी घेणाऱ्याला आपण स्वस्त वस्तू घेतली हे चारचौघांत सांगायचं नसतं गं.

आता तुमच्या मॉडेलचं. त्यात तुझा दोष शोधू नकोस. नियमांमुळे लागणाऱ्या एअरबॅग, सेन्सर, धुराची शुद्धी यांचा खर्च गाडी छोटी म्हणून त्या मानाने कमी होत नाही, आणि छोट्या गाडीवर नफा मुळातच थोडा. फोर्डची फिएस्टा १९७६ पासून चालत आलेली, तीही २०२३ साली बंद झाली. हे नियम नकोत असं मी मुळीच म्हणणार नाही. मिनीचं दार किती पातळ होतं, पाहिलं आहेस ना?

ती काढायच्या वस्तूंची यादी मला नको पाठवूस. बुलांजेंसारखा कागद तुमच्याकडे कुणी लिहिला असेल, गाडीत कोण बसणार आणि बरोबर काय नेणार असा, तर तो पाठव. नसेल, तर पुढच्या गाडीसाठी तूच लिही आणि आधी मला दाखव.

तुझी,
आई